चुकायला पुरेल इतकी उंची

३ डिसेंबर २०२३ ला चार राज्यांच्या निवडणुकांचे निकाल लागले आणि पुढचे दोन-तीन दिवस वर्तमानपत्रांत दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही. कोण मुख्यमंत्री होणार याच्या चौकटी, मतदारसंघांचे तक्ते, गुलालाने माखलेले चेहरे. त्या गर्दीत मी घेतो त्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. तेलंगणात मेदक जिल्ह्यात, तूप्रानजवळ, हवाई दलाचं पीसी-७ जातीचं प्रशिक्षण विमान चार तारखेला सकाळी कोसळलं होतं. दुंडिगलच्या हवाई दल अकादमीतून निघालेलं, रोजच्यासारखं शिकवणीचं उड्डाण. आत एक इन्स्ट्रक्टर, एक कॅडेट. दोघंही गेले. जमिनीवर कोणाला इजा नाही, मालमत्तेचं नुकसान नाही, चौकशीचे आदेश दिले आहेत.

लढाऊ विमान पडलं की टीव्हीवर निवृत्त अधिकारी बसतात, मागे नकाशा असतो, विमानाचं वय काढलं जातं. शिकवणीचं विमान पडलं की या चार ओळी. विमान लहान म्हणून बातमीही लहान, असा काहीतरी हिशोब असावा. आत माणसं मात्र दोन असतात, आणि लढाऊ विमानात बऱ्याचदा एकच.

मी या बातम्या वाचल्याशिवाय पान उलटत नाही, याचं कारण माझा मावसभाऊ. हवाई दलात त्याने अनेक वर्षं मुलांना उडायला शिकवलं. आता निवृत्त आहे, गुडघ्यांची तक्रार करतो, आकाशात काही घरघरलं की समोरच्याचं बोलणं अर्धवट सोडून वर बघतो. आम्ही सगळी भावंडं त्याला दादा म्हणतो. अपघाताची बातमी आली की मी त्याला लगेच फोन करत नाही. आठवडाभर जाऊ देतो. त्या आठवड्यात त्याच्याशी बोलून काही उपयोग नसतो, हे वहिनींनीच मला एकदा सांगितलं होतं.

दादाचं म्हणणं असं, की शिकवणीच्या विमानात चूक ही अडचण नसतेच. चूक हा अभ्यासक्रम असतो. पोरगं लँडिंगला उंच येणार, वेग सोडणार, वळणात रडर (शेपटीवरचं सुकाणू, पायाने चालवायचं) विसरणार. तो हे सगळं करणार आहे हे धरूनच त्याला शेजारी बसवलेलं असतं. त्याने चुकावं, त्याला चूक कळावी, आणि ती निस्तरायला वेळ उरावा, एवढ्यासाठी सगळी व्यवस्था असते: वर भरपूर उंची, खाली मोकळा भाग, शांत स्वभावाचं विमान आणि मांडीवर हात ठेवून बसलेला इन्स्ट्रक्टर.

“मांडीवर?” मी विचारलं होतं.

“मग कुठे? स्टिकवर, विमान चालवायच्या दांड्यावर, ठेवले तर त्याला माझा हात जाणवतो, तो उडवतच नाही. छातीशी घडी घातली तर मला उशीर होतो. मांडीवर, बोटं उघडी.” त्याने खुर्चीत बसल्या बसल्या करून दाखवलं. हात मांडीवर, तळवे अर्धे वळलेले, जणू कोणी काहीतरी देणार आहे.

कंट्रोल कधी घ्यायचा, हा त्याच्या आयुष्यातला मुख्य प्रश्न असावा, कारण कुठूनही बोलणं सुरू केलं तरी तो तिथेच येतो. “नवा इन्स्ट्रक्टर लवकर घेतो. घाबरतो ना. मुरलेला जरा उशिरा घेतो. आणि फार मुरलेला फार उशिरा.” हे मला त्याने एकदा चहा ढवळत, अगदी सहज सांगितलं. ऐकताना मी हसलो. घरी येईपर्यंत हसू गेलं होतं. अनुभवाने माणूस सुरक्षित होतो असं आपण धरून चालतो. इथे अनुभव माणसाला अधिक थांबायला शिकवतो, कारण थांबल्याशिवाय विद्यार्थी तयार होत नाही, आणि थांबण्याची किंमत उंचीत मोजली जाते.

त्यात आसनांची रचना. पूर्वीच्या बऱ्याच प्रशिक्षण विमानांत दोघं शेजारी-शेजारी बसत. इन्स्ट्रक्टरला पोराचा चेहरा दिसे, ओठ चावतोय का, नजर कुठे अडकली आहे. पीसी-७ मध्ये कॅडेट पुढे, इन्स्ट्रक्टर मागे. पुढे नुसतं हेल्मेट. पोराच्या मनात काय चाललंय ते इंटरकॉमवरच्या श्वासावरून आणि स्टिकच्या हलण्यावरून ओळखायचं. लढाऊ विमानाची सवय व्हावी म्हणून ही रचना चांगली, असं तज्ज्ञ सांगतात आणि ते खरंही असेल. पण शिकवण्यासाठी चेहरा दिसणं किती लागतं हे कोणत्याही शिक्षकाला विचारा.

आता उंचीचं गणित. हे गणित कळल्याशिवाय या अपघातांबद्दल बोलण्यात अर्थ नाही असं मला वाटतं, म्हणून थोडं सहन करा.

समजा, विमान धावपट्टी सोडून पाचशे फुटांवर पोहोचलंय आणि इंजिन बंद पडलं. पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं: नाक खाली, वेग सांभाळ, समोर जे बरं दिसेल तिथे उतर. शेत असो, माळ असो, फार तर थोडं डावं-उजवं कर. मागे वळू नकोस. पण मागे धावपट्टी असते. लांब, सपाट, ओळखीची, तिच्या कडेला अग्निशमन गाडी उभी असलेली. समोर मात्र बांध, विजेच्या तारा, झाडं. माणसाचं मन मागे ओढतं, आणि गणित सांगतं की पोहोचणार नाहीस. सावकाश वळायचं म्हटलं, दर सेकंदाला तीन अंश, तर अर्धं वळण पुरं व्हायलाच एक मिनिट लागतं. इंजिनाशिवाय असं लहान विमान एका मिनिटात सात-आठशे फूट सहज गमावतं. होते पाचशे. शिवाय अर्ध्या वळणाने भागत नाही. वळताना विमान धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला गेलेलं असतं, तेव्हा अजून वळून रेषेवर यायचं आणि परत सरळ व्हायचं.

मग माणूस वळण आवळतो. इथे खरा घात आहे. विमान जितकं जास्त कलतं, तितकं पंखांना जास्त ओझं उचलावं लागतं, आणि पंख ज्या वेगाखाली हवेवरची पकड सोडतात तो वेगही तितका वर चढतो. ४५ अंश कललं तर तो सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. म्हणजे सरळ उडताना जो वेग भरपूर वाटत होता, तोच वळणात अपुरा ठरतो, काट्यावरचा आकडा तसूभरही न हलता. त्यात जमीन वर येताना दिसली की हात आपोआप स्टिक मागे ओढतो. ओढली की पंख आणखी लवकर सोडतात. त्यातही एक पंख आधी सोडतो. विमान त्या बाजूला कलंडतं आणि नाक खाली करून स्वतःभोवती फिरू लागतं. याला स्पिन म्हणतात.

स्पिनमधून बाहेर येता येतं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद, बंद, फिरण्याच्या उलट रडर पूर्ण, स्टिक पुढे. प्रत्येक कॅडेट हे वर, हजारो फुटांवर, मुद्दाम करून शिकतो. पण एका फेऱ्यात काही शे फूट जातात आणि बाहेर येताना अजून तितकेच. पाचशे फुटांवर सुरू झालेल्या स्पिनला फेरा पुरा करायलाही जागा नसते. उत्तर पाठ असतं, ते लिहायला कागद उरलेला नसतो. (माझी ही एवढी एक उपमा खपवून घ्या, दादाला ती आवडली नाही. तो म्हणाला, “कागद नाही रे, उंची. उंचीच म्हण.”)

स्पिनमधून सुटायची ही रीत मुळात कशी सापडली, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २५ ऑगस्ट १९१२ ला इंग्लंडमधल्या सॅलिसबरीच्या पठारावर विल्फ्रेड पार्क नावाचा नौदलाचा लेफ्टनंट ॲव्रो कंपनीचं एक बंद केबिनचं विमान उडवत होता. सुमारे सातशे फुटांवर ते स्पिनमध्ये गेलं. तोवर या अवस्थेत सापडलेले बहुतेक लोक सांगायला उरत नसत. पार्कने जे जे सुचलं ते केलं, काहीच लागू पडेना, आणि अगदी शेवटी त्याने फिरण्याच्या उलट बाजूचा रडर दाबला. जमीन पन्नासेक फुटांवर असताना विमान सरळ झालं. उतरल्यावर तिथल्या जाणकारांबरोबर बसून त्याने क्षणाक्षणाला काय केलं ते सगळं सांगितलं आणि ते छापूनही आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, इंजिन पुरेशी ताकद देत नसलेल्या एका दुसऱ्या विमानात, पार्क आणि त्याचा सहप्रवासी कोसळून गेले.

पार्कचं टिपण हाताशी असूनही पुढची काही वर्षं शिकाऊ वैमानिकांना स्पिनपासून लांबच ठेवलं गेलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश इन्स्ट्रक्टर आपल्या विद्यार्थ्यांना ‘हूण’ म्हणत. शत्रूसाठी वापरायचं ते नाव, कारण दोघांपासून जिवाला सारखाच धोका! १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टच्या उड्डाणशाळेत हे उलटं केलं. दुहेरी कंट्रोलचं विमान, दोघांत बोलायला रबरी नळी, आणि ज्या प्रसंगांची भीती वाटते त्यातच विद्यार्थ्याला मुद्दाम नेऊन बाहेर काढायला शिकवायचं. आजचा जवळपास प्रत्येक लष्करी वैमानिक त्याच पद्धतीच्या वंशातला आहे. मला यातला एक भाग फार महत्त्वाचा वाटतो. स्मिथ-बॅरीने विद्यार्थ्याला दोष देणं थांबवलं आणि शिकवण बदलली.

ही गोष्ट एकदा समजली की ती पुन्हा विसरली जाणार नाही असं वाटेल. पण विसरली जाते. त्याची दोन उदाहरणं अशी की जोडीने ठेवल्याशिवाय राहवत नाही.

पहिलं अमेरिकेचं. कोलोरॅडोतल्या हवाई दल अकादमीत कॅडेटना पहिलं उड्डाण शिकवायला सेसना १७२ वर आधारलेलं टी-४१ हे विमान होतं. साधं, सालस. १९९० च्या सुमारास वरच्या लोकांना ते फारच सालस वाटू लागलं. कसरती करणारं काहीतरी हवं होतं. म्हणून स्लिंग्जबी या ब्रिटिश कंपनीचं फायरफ्लाय घेतलं. अकादमी समुद्रसपाटीपासून साडेसहा हजार फुटांवर, तिथे हवा विरळ, म्हणून मूळ विमानात २६० अश्वशक्तीचं मोठं लायकमिंग इंजिन बसवलं. नाव दिलं टी-३ए. अशी ११३ विमानं घेतली. आणि ती इंजिनं बंद पडू लागली. धावपट्टीवर, उतरताना, हवेत, साठहून जास्त वेळा. फेब्रुवारी १९९५ मध्ये एक विमान स्पिनमधून बाहेर आलंच नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये खोट्या इंजिन-बिघाडाचा सराव चालू असताना इंजिन खरोखरच बंद पडलं. जून १९९७ मध्ये तिसरं, धावपट्टीजवळच्या फेरीत, कमी उंचीवर. तीन अपघात, तीन इन्स्ट्रक्टर, तीन कॅडेट. जुलै १९९७ मध्ये सगळी विमानं जमिनीवर उभी केली. मग चाचण्या झाल्या, दुरुस्त्या झाल्या, पण ती पुन्हा शिकवणीला उडाली नाहीत. २००६ मध्ये उरलेली विमानं तोडून भंगारात गेली.

दुसरं आपलं. एचपीटी-३२ दीपक. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेलं, पहिलं उड्डाण १९७७ मध्ये, हवाई दलात १९८४ पासून. शेजारी-शेजारी आसनं, २६० अश्वशक्ती, आणि इंजिन त्याच लायकमिंग घराण्यातलं. आपल्याकडच्या वैमानिकांच्या एका अख्ख्या पिढीने आयुष्यातला पहिला सोलो, म्हणजे एकट्याने केलेलं उड्डाण, याच विमानात केला, त्यामुळे तिच्या बोलण्यात या विमानाबद्दल माया आणि राग दोन्ही एकाच वाक्यात सापडतात. हवेत इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी इथेही होत्या. इंजिन गेल्यावर हे विमान तरंगत फार लांब जात नसे आणि त्यात इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारं आसन, नव्हती. १७ अपघात झाले, १९ वैमानिक गेले. ३१ जुलै २००९ ला आणखी दोन गेले तेव्हा, म्हणजे त्या एकोणीसमधले शेवटचे दोन, सगळी विमानं थांबवण्यात आली. ती जागाही मेदक जिल्ह्यातलीच. मग अख्खं विमान पेलेल असं पॅराशूट बसवायचा विचार झाला. विमानं काही पुन्हा शिकवणीला उडाली नाहीत. पुढची काही वर्षं नवशिक्यांना थेट किरण जेटवर, तास कमी करून शिकवावं लागलं. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडहून पीसी-७ येऊ लागली तेव्हा ती ओढाताण संपली.

विमानं थांबवायला एका बाजूला सव्वादोन-अडीच वर्षं. दुसऱ्या बाजूला पंचवीस. अमेरिकेच्या शहाणपणाची आरती ओवाळायची मला हौस नाही. ते विमान निवडण्याचा मूर्खपणा त्यांचाच होता, आणि सहा माणसं जाईपर्यंत तेही थांबले. त्यांच्याकडे दुसरी विमानं घ्यायला पैसे होते, आपल्याकडे दीपकला पर्याय नव्हता, हेही खरं. पण पर्याय नसणं ही गोष्ट पंचवीस वर्षं हवामानासारखी मानायची का? ढग असले की सॉर्टी, म्हणजे ठरलेलं उड्डाण, रद्द होते. पर्याय नसला की होत नाही.

मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. कॅडेट चुकतो ती चूक दिसते, कारण ती शेवटच्या काही सेकंदांत होते, धूर निघतो, तुकडे गोळा करता येतात. त्याच्या आधी कोणीतरी त्याची चुकायची जागा खर्च करून टाकलेली असते. नवखं इंजिन पुरेसं न पारखता स्वीकारलं. सरावाचे तास कापले. इजेक्शन सीटचा विषय पुढच्या अर्थसंकल्पावर ढकलला. इंजिन बंद पडल्याच्या सोळाव्या नोंदीलाही पहिल्या नोंदीइतकंच थंडपणे फाईलला लावलं. यातलं प्रत्येक पाऊल विमानाखालची दोन-तीनशे फूट उंची काढून घेतं. मग पाचशे फुटांवर एकवीस वर्षांचं पोरगं स्टिक मागे ओढतं, आणि अहवालात लिहिलं जातं की त्याने स्टिक मागे ओढली.

संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीसमोर २०१७ ते २०२२ या काळातल्या हवाई दलाच्या ३४ अपघातांचा तक्ता आला होता. त्यात कारणाचा एक रकाना होता आणि १९ अपघातांपुढे विमानचालकाची मानवी चूक असं लिहिलं होतं. मी असं म्हणत नाही की ते खोटं आहे. दादाही म्हणत नाही. उलट तो मला झापतो: “चूक झालीच नाही असं म्हणू नकोस. आम्ही चुकतो. मी किती चुकलोय तुला माहीत आहे? मी फक्त उंच असताना चुकलो.” रकाना एकच आहे, एवढीच माझी तक्रार. त्यात एकच शब्द मावतो.

इंग्लंड-अमेरिकेत लष्करी विमान अपघातांचे चौकशी अहवाल प्रसिद्ध होतात. काही मजकूर झाकलेला असतो, पण बाकीचं कोणालाही वाचता येतं. मी काही वाचले आहेत. कंटाळवाणे असतात आणि तेच त्यांचं मोल आहे. दुरुस्तीच्या नोंदी, हवामान, इन्स्ट्रक्टरने आदल्या आठवड्यात किती तास उडवलं, कोणती सूचना कधी निघाली आणि कोणापर्यंत पोहोचली. आपल्याकडे कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे हवाई दलाच्या अंतर्गत चौकशीचा, अहवाल बाहेर येत नाही. लढाऊ विमानाच्या बाबतीत गुप्ततेचं कारण पटू शकतं. शिकवणीच्या विमानात कसलं गुपित? तीच विमानं दुसरे देशही उडवतात. अहवाल न दिसल्यामुळे आईवडिलांच्या हातात उरतो तो एक शब्द, आणि त्या शब्दाविरुद्ध वर्षानुवर्षं झगडणारे पालक या देशात होऊन गेले आहेत. मुलगा गेल्याचं दुःख आणि वर तो नापास झाल्याचा शिक्का.

इजेक्शन सीटबद्दलही थोडं. पीसी-७ मध्ये ती आहे. त्यामुळे डिसेंबरची बातमी वाचून ओळखीच्या एकाने मला विचारलं, “मग उडी का नाही मारली?” या प्रश्नाचा मला राग येतो, विचारणाऱ्याचा येत नाही. सीट वेळ निर्माण करत नाही. विमान सरळ असेल, वेगात असेल, तर जमिनीलगतही ती जीव वाचवते. तेच विमान नाक खाली करून किंवा कलंडून येत असेल तर सीट माणसाला जमिनीच्याच दिशेने फेकते. शिवाय हँडल ओढायच्या आधी ‘हे विमान आता माझ्या हातात नाही’ हे मान्य करावं लागतं. ज्या माणसाला वर्षानुवर्षं विमान हातातच ठेवायला शिकवलं, त्याने हे एका सेकंदात मान्य करायचं. दादाच्या मते इन्स्ट्रक्टरला ते अजून जड जातं, कारण त्याने हार मानायची असते ती दोघांच्या वतीने.

गंमत अशी की फायरफ्लाय भंगारात काढणाऱ्या त्याच अकादमीत आता जे लहान विमान शिकवणीला आहे, ते सिरस एसआर-२० या नागरी विमानाचं लष्करी रूप. त्यात पूर्ण विमान पॅराशूटला टांगून खाली आणणारी व्यवस्था मुळातच बसवलेली असते. लाल हँडल ओढलं की विमान पॅराशूटला लटकत खाली येतं. यालाही पुरेशी उंची लागतेच, फक्त कमी.

अपघातानंतरच्या सकाळी काय होतं, हे मी दादाला बरीच वर्षं विचारलं नव्हतं. मागच्या दिवाळीत तो स्वतःच बोलला. उड्डाणं थांबतात. विमानं पुन्हा तपासली जातात. कॅडेटच्या खोलीतलं सामान यादी करून पेटीत भरायचं काम त्याच्याच तुकडीतल्या कोणावर तरी येतं, आणि ज्याच्यावर येतं तो पुढे उडतो की नाही याकडे इन्स्ट्रक्टर लक्ष ठेवून असतात. मग एके दिवशी फळ्यावर पुन्हा सॉर्टींची नावं लागतात. त्या दिवशी दादाच्या वाट्याला जो मुलगा आला तो एरवी बडबड्या होता. त्या दिवशी चेकलिस्टपलीकडे एक अक्षर बोलला नाही. सर्किटमध्ये, धावपट्टीभोवतीच्या फेरीत, शेवटच्या वळणाला त्याने इतका जास्त वेग ठेवला की विमान धावपट्टीच्या निम्म्यापर्यंत तरंगतच गेलं.

“ओरडलास?”

“नाही. परत वर नेलं. पुन्हा तेच केलं त्याने. तिसऱ्यांदा मी उतरवलं. खाली आल्यावर म्हटलं, उद्या बघू.” थोडं थांबून म्हणाला, “वेग जास्त ठेवणं पण चूकच आहे. पण त्या दिवशी ती मी लिहिली नाही.”

तो मुलगा पुढे चांगला वैमानिक झाला का, हे मी विचारणार होतो. तेवढ्यात वहिनींनी फराळाचं ताट आणलं आणि दादाने चकलीच्या कुरकुरीतपणावर चर्चा सुरू केली.

आता आपल्याकडे नवं विमान येतंय, एचटीटी-४०. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचंच. पहिलं उड्डाण ३१ मे २०१६ ला झालं, ७० विमानांचा करार मार्च २०२३ मध्ये, सुमारे ६,८०० कोटींचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच्या बांधणीची दुसरी साखळी आपल्या नाशिकला सुरू झाली. या विमानाला उशीर झाला म्हणून पुष्कळ टीका झाली आणि त्यातली बरीच रास्त होती. पण उशिरातला काही भाग स्पिनच्या चाचण्यांत गेला. हवाई दलाला सलग सहा फेऱ्यांचं स्पिन दोन्ही बाजूंना हवं होतं, आणि त्यातून विमान दर वेळी शहाण्यासारखं बाहेर यायला हवं होतं. ते शेवटी साधलं. तेवढ्या उशिराबद्दल मी तरी कुरकुर करणार नाही. विल्फ्रेड पार्कला जे पन्नास फुटांवर शोधावं लागलं, ते चाचणी वैमानिकांनी वर, निवांत, दिवसच्या दिवस घालवून शोधलं.

नाशिकची बातमी आली तेव्हा मी दादाला फोन केला. या वेळी आठवडा थांबायची गरज नव्हती. विमान चांगलं आहे का, असं मी विचारलं. त्याने ते उडवलेलं नाही, त्यामुळे मत देणार नाही म्हणाला. असल्या बाबतीत तो फार काटेकोर आहे.

“मग कळायचं कसं?”

“पहिली दोन वर्षं जाऊ दे. मग कुणाला तरी विचार, किती वेळा सगळी विमानं थांबवून तपासली. पाच वेळा म्हणाले, सात वेळा म्हणाले, तर निवांत झोप.”

“आणि एकदाही नाही म्हणाले तर?”

“तर मला फोन कर,” दादा म्हणाला.